नारळाची साक्ष

"बोनेट उघडायचं नाही, गाडीखाली वाकायचं नाही, मिस्त्री आणायचा नाही आणि गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही! एवढं पाळून सांग, आवाज कुठल्या चाकाचा आणि कशाचा. सांगितलंस तर दुरुस्ती माझी. चुकलीस तर गाडी आहे तशी उचलायची आणि वर तोंडातून ब्र काढायचा नाही. बोल!"

जुन्या गाड्यांचे व्यापारी झुंबरशेठ खुर्चीत बसून पोट हलवत हसले. समोर हौसाक्का कुंभारीण कमरेवर हात ठेवून उभी. शेठच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे ती माठ विकायची. काल हीच पांढरी गाडी रस्त्यावरच्या गतिरोधकावरून आत येताना पुढून 'खडाक्' वाजलेली तिनं कानांनी ऐकली होती. शेठ मात्र म्हणत होते, "गाडी म्हणजे लोणी!"

आता कोणी म्हणेल, वाजू दे की, वाजली म्हणून काय होतंय? अहो, हिला गाडीतून माठ न्यायचे होते आठवडी बाजाराला! टेम्पोवाल्यानं गेल्या उन्हाळ्यात निम्मा माल गचक्यांनी फोडला होता. आणखी एक उन्हाळा तसाच गेला तर कुंभाराचं चाक बंद करून लोकांच्या घरची धुणीभांडी धरायची वेळ!

तिचा नवरा दाजीबा मागून कुजबुजला, "चल गं घरी. शेठची फरशी बघितलीस का? मुंगीला ठेच लागायची नाही. इथं गाडी कशी वाजेल?"

खरंच होतं ते. शेठनं सगळ्या आवारात गुळगुळीत फरशी घातली होती, ती काय शोभेला? गिऱ्हाइकाला बसवायचं, गोल गोल फिरवायचं आणि रेडिओ असा मोठा लावायचा की भोंगा वाजला तरी कळू नये. लबाड माणूस! पण देवभोळा. पूजा झाल्याशिवाय गाडीचं चाक फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही.

हौसाक्का म्हणाली, "कबूल! पण आधी पूजा, मग सौदा."

"वा! पूजेला मी कधी नाही म्हटलंय?" शेठ खूश. पूजा झाली की गिऱ्हाईक फसलंच, हा त्यांचा रोजचा अनुभव. "आणा रे हळदकुंकू!"

"तो रेडिओ बंद करा आधी. देवासमोर हे काय नाचगाणं?"

शेठनं जीभ चावली. रेडिओ बंद.

हौसाक्कानं पुढच्या उजव्या कोपऱ्याला कुंकू लावलं आणि दोन्ही हात टेकून अख्ख्या अंगानं नमस्कार घातला. माती तुडवून तयार झालेलं अंग ते! गाडी खाली बसली, वर आली, गप्प झाली. मग डाव्या कोपऱ्याला कुंकू, तसाच नमस्कार. गाडी खाली, वर, खाली, वर... पाण्यातल्या म्हशीसारखी डुलतच राहिली!

"झाला ना नमस्कार?" शेठ घाईनं म्हणाले.

"माझा झाला. देवच अजून मान हलवतोय, त्याला मी काय करू?"

फाटकात माणसं जमली होती, ती फिसकन हसली. शेठनं कपाळ पुसलं आणि चाकाखाली ठेवायला लिंबं काढली.

"लिंबं कशाला? सरबत करायचंय का? आमच्यात चाकाखाली नारळ ठेवतात!"

"कुणाच्यात?"

"माझ्यात. आजपासून!"

शेठच्या खोलीत पूजेच्या नारळांचं पोतं कायमचं. शेठ ते सालीसकटच घ्यायचे, स्वस्त पडतात म्हणून. हौसाक्कानं चांगले दोन टणक नारळ निवडले. एक उजव्या पुढच्या चाकासमोर ठेवला.

"बसा शेठ, तुम्हीच चालवा. मालकाच्या हातानं पूजा लागते म्हणतात."

देवाचं नाव काढल्यावर शेठ काय करणार? बसले. चाक नारळावर चढलं, उतरलं. थप्प! बाकी काही नाही. शेठ खिडकीतून ओरडले, "बघ! लोणी!"

"थांबा की, अजून एक देव राहिलाय."

गाडी मागं घ्यायला लावली. उजवीकडचा नारळ उचलला, दुसरा डाव्या चाकासमोर ठेवला. चाक चढलं, उतरलं आणि—

खडाक्! झाडावरचे कावळे उडाले! दाजीबानं दोन्ही कान धरले!

शेठ पटकन खाली उतरले. "नारळ फुटला त्याचा आवाज तो! शुभ असतं!"

हौसाक्कानं चाकामागून नारळ उचलला, कानाशी हलवला, सगळ्यांना फिरवून दाखवला. खळखळ पाणी, एक चीर नाही!

"हा तर अख्खा आहे, शेठ. मग फुटलं काय, ते तुम्हीच सांगा!"

शेठनं नारळावरून बोटं फिरवून चीर शोधली. "बरं... बरं, डावं चाक. पण कशाचा ते सांग!"

"पुढचा डावा शॉकअप गेलाय. गचका गिळायचं त्याचं काम, तो गिळतच नाही. म्हणून डुलते आणि म्हणून आपटते. आता दोन्हीकडचे नवे घाला, एकाच बाजूला नको. बैलजोडीत एक म्हातारा, एक खोंड जुंपता का कधी?"

शेठ क्षणभर लाल झाले. मग पोट हलायला लागलं, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी! "अगं ए बाई! तीस वर्षं पूजा करतोय मी, पण देवानं माझ्याविरुद्ध साक्ष आजच दिली! घाल रे दोन्ही शॉकअप नवे! आणि चारी टायरही नवे, माझ्याकडून बक्षीस!" मग बोट उगारून म्हणाले, "पण एक सांग. मिस्त्री आणायचा नाही अशी अट होती ना?"

हौसाक्कानं नारळ पदरात घातला.

"मी कुठं आणला? तुमच्याच पोत्यात बसला होता!"