फळीची गाठ

फार मागे, अवजारं बोलायची तेव्हा, सुताराच्या दुकानात शिसवीची एक फळी होती. गुळगुळीत झाली तर तिचा पाळणा होणार होता, टवका उडाला तर ती चुलीत जाणार होती. समोर रंध्याची दोन यंत्रं होती. एकाला लांब सरळ पाती, दुसऱ्याला वळणावळणानं बसवलेले बारके दात. कुणाकडे जावं, फळीला काही कळेना.

"ये इकडे! आता गाठ आमच्याशी आहे," लांब पाती गरजली.

"अगंबाई, तुम्हालापण गाठ आहे?" फळी हरखली. "मलाही आहे, पोटाशी."

"आम्हाला कसली गाठ? गाठी तर आम्ही एका फटक्यात उडवतो!"

फळी थबकली.

बारके दात म्हणाले, "कुठंय बाई तुझी गाठ? तिथं आम्ही एकेक करून हळू येऊ."

खरं कोण बोलतंय, ते फळीला तेव्हाही कळलं नाही. पण तिनं कूस वळवली आणि गाठ दाखवली.