न थांबलेला प्रोग्राम

"पण बुवा, प्रोग्राम एक क्षणही बंद पडला नाही. मग चूक कुठे झाली?"

आत्मारामबुवांनी समोर बसलेल्या हेरंबकडे पाहिलं. नदीकाठच्या या मठात येण्याआधी ते कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवत. हेरंब त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि ही गोष्ट बुवांपेक्षा हेरंबलाच जास्त ठाऊक होती.

"पहिल्यापासून सांग," बुवा म्हणाले.

हेरंबने सांगितलं. इस्पितळातल्या कॉम्प्युटरवर त्याचा प्रोग्राम चालायचा. पूर्वी त्यात सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. बाहेरून घेतलेला कोडचा एखादा तुकडा बिघडला, की अख्खं इस्पितळ खोळंबायचं. मग त्याने जिवाचं रान करून एकेक काम सुटं केलं, प्रत्येकाचा वेगळा जोडतुकडा, म्हणजे प्लगइन. छपाईचं प्लगइन वेगळं, बिलाचं वेगळं, रुग्णाला न चालणाऱ्या औषधाचा इशारा देणारं वेगळं. ज्याला जे बाहेरचं लागेल, ते त्याने आपल्यापाशी ठेवायचं. एक पडलं तरी बाकीच्यांना धक्का नाही.

"तुम्हीच शिकवलं होतंत. परका कोड माजघरात घेऊ नये, ओसरीवर बसवावा."

"शिकवलं होतं."

"मंगळवारी इशाऱ्याचं प्लगइन सुरूच झालं नाही. त्याला लागणारा बाहेरचा तुकडा बदलला होता. बाकीचा प्रोग्राम मुकाट चालत राहिला... मी तसाच बांधला होता. एक बाळंतीण होती. दमयंती नावाची. तिला न चालणारं इंजेक्शन दिलं गेलं. पडद्यावर इशारा आला नाही, म्हणून नर्सला वाटलं, सगळं ठीक आहे."

"आणि ती?"

"गेली."

...

बुवा उठून आत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यांच्यामागे शहाबादी फरशीवर तांबडे ठसे उमटत होते.

"बुवा, तुमच्या पायातून रक्त येतंय."

बुवांनी बसून तळवा वळवला. बाभळीचा काटा आत मोडला होता. हेरंबने तो नखांनी ओढून काढला. बुवा नदीकडे बघत होते.

"कधी रुतला?"

"तू सांगितलंस तेव्हा कळलं."

"दुखत नाही?"

"मधुमेहाने पाय कधीचे बधिर झालेत. बाकी मी ठणठणीत आहे."

हेरंब हातातल्या काट्याकडे बघत राहिला. येताना मनात ज्या काही सबबी जुळवून आणल्या होत्या, त्यांतली त्याला आता एकही आठवेना.

"सगळं पुन्हा एकत्र बांधू? मग छपाई अडली तरी इस्पितळ अडेल."

"अडेल."

"मग आहे तसंच राहू दे?"

बुवांनी त्याच्या हातातला काटा घेऊन फरशीवर ठेवला.

"काहीही केलं तरी ती परत येणार नाही, बुवा."

"नाही."

हेरंबला बसवेना. तो वाकला आणि त्याने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. मंगळवारपासून दाबून धरलेलं रडू फुटलं. आवाज करायचीही त्याला लाज वाटत होती. तो तसाच पडून राहिला, बुवांचे पाय भिजत राहिले. पाठीवर हात आला नाही. बुवासुद्धा आपल्याला क्षमा करणार नाहीत, असं त्याच्या मनाने घेतलं.

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला.

"रडत असशील तर वर बघून रड. पायांवरचं मला कळत नाही."