बगळ्याने पाहिलेली काळी माती

माणसांनी अजून नांगर हाती धरला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. दर पावसाळ्यात नदीकाठची बिळं बुडायची, म्हणून उंदरांनी नव्या जागेची पाहणी करायला बगळ्याला नेमलं. बगळा निघाला तो ऐन वैशाखात. काळ्या मातीच्या माळावर त्याने दोन भेगांत चोच घालून पाहिली आणि उंदरांना निकाल सांगितला, "जमीन कोरडी, बिळं आयती. खणायचं कामच नाही. पिल्लं घेऊन या."

काळी माती आतल्या आत धुमसत होती. पण पिल्लू तोंडात धरून एक उंदरीण भेगेत उतरायला लागली, तेव्हा मातीला राहवेना.

"मागे हो, बाई," ती खेकसली आणि बगळ्याकडे वळली. "मला ओळखायला आलास आणि एकच ऋतू बघितलास? आषाढात मी पाणी पिऊन फुगते. या सगळ्या भेगा मिटतात, आत असेल त्याच्यासकट. मला ते थांबवता येत नाही. वरच्या टेकडीचं पाणी कुठे उतरतं, तेही विचारलं नाहीस."

"मला दिसलं ते सांगितलं," बगळा मान वळवत म्हणाला. "आत्ता कोरडं आहे, हे तर खरं ना?"

"खरं आहे. मग तुझीही पिल्लं आण. सगळ्यात रुंद भेग तुला देते."

बगळा दचकला. "छे, आमची पिल्लं बाभळीवर असतात."

उंदरीण बाभळीच्या शेंड्याकडे क्षणभर बघत राहिली. मग पिल्लू घट्ट धरून ती टेकडीवरच्या, पाण्याने न फुगणाऱ्या मुरमाकडे निघाली. तिथे नखं झिजेपर्यंत खणावं लागणार होतं.