दिवाणसाहेब आले, खाली बसा!

"दिवसभर बसून कारकुनांची पोटं सुटताहेत," असं वैद्यबुवा म्हणाले मात्र, सोनखेड संस्थानच्या दिवाणसाहेबांनी कचेरीतल्या साऱ्या बैठका उचलायला लावल्या. "उभ्यानं कामं करा! बसेल त्याची नोकरी गेली!" स्वतः मात्र ते लोडाला टेकून पान चघळत बसत.

चार दिवसांत दाजीबा कारकुनाच्या पायांत गोळे आले. पाचव्या दिवशी दिवाणसाहेब कचेरीत शिरले, तसा दाजीबानं डोळा मारला आणि अख्खी कचेरी धपकन खाली बसली.

दिवाणसाहेब लालबुंद झाले. "मी आलो आणि तुम्ही बसता?"

दाजीबानं बसल्या बसल्याच हात जोडले. "सरकार, पूर्वी आम्ही बसलेले असायचो, म्हणून आपण आलात की मानानं उठायचो. आता आधीच उभे! तसेच उभे राहिलो, तर आपण आलात काय आणि कचेरीतलं मांजर आलं काय, फरक कसा कळणार?"

मांजराशी बरोबरी दिवाणसाहेबांना परवडणारी नव्हती. बैठका त्याच दुपारी परत आल्या.

मग मान घ्यायच्या हौसेपायी ते घटकाघटकेला कचेरीत चकरा मारू लागले. उठून उठून कारकुनांचे पाय मोकळे झाले. आणि दिवाणसाहेबांचं पोट इतकं उतरलं, की मुजरा घेताना एका हातानं विजार धरावी लागे.