परवानगी

"मग चूक कायद्याची की माझी, तेवढं सांगा बाबा."

दर्ग्याच्या ओट्यावर बसून कमालशा फकीर एक फाटकी चादर शिवत होते.

विचारणारे दिगंबर खोपकर पोलीस खात्यातून उपायुक्त म्हणून निवृत्त झाले होते. संघटित गुन्हेगारीचा नवा कायदा लिहिणाऱ्या समितीत आपण होतो, हे ते अजूनही ताठ मानेनं सांगत.

"टोळ्या भरदिवसा दुकानात शिरून माणसं मारायच्या. भीतीनं साक्षीदार साक्ष फिरवायचे. म्हणून वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा धरावा, जामीन सहजासहजी मिळू नये, हे मीच सुचवलं. शहर शांत झालं की नाही?"

"झालं."

"एक माणूस चुकून अडकला... एकच."

त्या माणसाचं नाव इलियास. वेल्डिंगचं काम करायचा. टोळीतल्या एकाच्या घराचं फाटक त्यानं बनवलं होतं, एवढाच काय तो संबंध. खोपकरांनी त्याला चार दिवस झोपू दिलं नाही. पाचव्या दिवशी समोर आलेल्या कबुलीजबाबावर त्यानं सही केली.

नऊ वर्षं तुरुंगात काढल्यावर कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. तोवर आई गेली होती. बायकोनं दुसरं घर केलं होतं. मग बाबांनी त्याला दर्ग्यात ठेवून घेतलं.

"तो बघा," बाबा म्हणाले.

खोपकरांनी मान वळवली. आतल्या खोलीच्या दारात इलियास उभा होता. हातात रिकामी घागर. दार सताड उघडं. तरी तो उंबऱ्याच्या आतच, पाय जुळवून, खाली मान घालून उभा होता.

"थांबलाय कशाला?"

"पाण्याला जायचंय. कुणीतरी जा म्हणेल, म्हणून थांबलाय. माझं लक्ष नसलं, तर दुपार होते त्याला तिथंच."

खोपकर नकळत उठले. इलियासनं त्यांचा आवाज ओळखला होता. नजर वर न करता तो म्हणाला,

"जाऊ का, साहेब?"

"जा," खोपकर कसंबसं म्हणाले.

इलियास विहिरीकडे गेला. खोपकर पायरीवर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तसंच त्यांनी विचारलं,

"मी आता काय करू, बाबा?"

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

"आज तुम्ही होतात. उद्या माझं लक्ष नसलं, तर त्याला जा कोण म्हणेल? सकाळी या."