ताडपत्रीची भिंत

एकदा एका शहरात एक तरुण वास्तुविशारद होता आणि त्याला काही केल्या स्वस्थ बसता येत नसे. जेवताना त्याचा पाय हलायचा, बोलताना बोटे टेबलावर वाजायची आणि नगरपालिकेचा जिना तर तो असा चढायचा, जणू वरच्या मजल्यावरची मंजुरी आता चप्पल घालून घरी निघाली आहे. ज्या वृद्ध गुरूंच्या हाताखाली तो काम शिकला, त्यांना सारे शहर तात्या म्हणे. तात्यांनी अर्ध्या बाजारपेठेचे नकाशे काढले होते, पण घाई म्हणून कधी केली नव्हती. शिष्याला त्यांच्याविषयी अपार आदर होता. अलीकडे त्या आदरात थोडी चीडही मिसळू लागली होती.

त्याचे कारण असे, की त्याला नुकतेच आयुष्यातले पहिले स्वतंत्र काम मिळाले होते. बाजारपेठेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याला जुने दुकान पाडून तीन मजली नवे बांधायचे होते. जागा मोक्याची, पण चिंचोळी. दुकान आणि शेजारचे घर यांच्यामध्ये व्यापाऱ्याच्याच मालकीचा एक मोकळा पट्टा होता. नियमाने तो मोकळाच ठेवायचा. कचेरीच्या भाषेत त्याला सामासिक अंतर म्हणतात. तो सोडला, तर जिना दुकानाच्या पोटात घ्यावा लागे आणि प्रत्येक मजल्यावरचे कोठार लहान होई. म्हणून शिष्याने सवलतीचा अर्ज केला होता. अंतर कमी करावे आणि जिना त्या पट्ट्यात येऊ द्यावा, एवढेच त्याचे मागणे. असे अर्ज होतात, मंजूरही होतात. फक्त अर्जदाराची अडचण खरी असावी लागते आणि शेजाऱ्याची हरकत नसावी लागते.

अडचण तर उघड दिसत होती. शेजारी राहत होत्या सगुणाबाई. त्या रफूचे काम करत. व्यापाऱ्याच्या दुकानातली एखादी भारी साडी कुठे खिळ्याला अडकून फाटली, की ती त्यांच्याकडे येई आणि फाटली होती कुठे हे कळणार नाही, अशी होऊन परत जाई. सुनावणीला येऊन ‘माझी हरकत नाही’ म्हणायचे त्यांनी केव्हाच कबूल केले होते.

व्यापारी शिष्याला स्पष्ट म्हणाला होता, "उद्या मंजुरी मिळाली, तर हे काम तुमचं आणि माझ्या भावाचा बंगलाही तुमचाच. लटकलं, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

शिष्याने वाईट वाटून घेतले नाही, पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी तो नकाशा घेऊन तात्यांकडे गेला. सुनावणी दुपारी होती. तात्यांनी नकाशा उजेडात धरून सावकाश पाहिला, मग चष्मा काढून पुसत बसले. शिष्याचा जीव खालीवर होऊ लागला.

"नकाशा चांगला आहे," तात्या म्हणाले. "आता एक कर. पट्ट्यात जिथे भिंत येणार, तिथे बांबूची परांची उभी करून घे आणि तिला वरपासून खालपर्यंत ताडपत्री बांध."

"आज, सर?"

"आजच. दुपारच्या आत."

"पण सुनावणीत ताडपत्री कोण विचारणार आहे?"

"कुणी नाही विचारणार," तात्या म्हणाले आणि चपला शोधू लागले.

शिष्याने मनातल्या मनात बरेच काही म्हटले. ते इथे लिहिण्यासारखे नाही. म्हातारपणी माणसाला असले काही सुचत असावे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि मजूर गाठले. बांबू आले, दोऱ्या आल्या, परांची दुमजली उंच झाली, तिच्यावर निळी ताडपत्री चढली. व्यापारी दुकानाच्या पायरीवरून बघत होता. "मंजुरी आणताय का मांडव घालताय?" त्याने विचारले. शिष्य कसनुसा हसला. तो मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होता.

"झालं, सर. आता निघायचं?"

"आधी जरा सगुणाबाईंकडे बसू."

सगुणाबाईंची कामाची खोली लहान, पण नीटस होती. पट्ट्याच्या बाजूला एक खिडकी, खिडकीखाली सतरंजी, सतरंजीवर एक आंबा रंगाची साडी पसरलेली आणि पलीकडे धाग्यांच्या लडी. "या तात्या," म्हणून त्यांनी पाहुण्यांना जागा करून दिली आणि पुन्हा साडीवर वाकल्या. काम अंगावर होते. तात्या भिंतीला टेकून निवांत बसले. शिष्य अवघडून बसला. बसायला म्हणून आत घुसलेली माणसे कधी उठतात, याचा काही नेम नसतो, हे तो जाणून होता.

थोड्या वेळाने सगुणाबाईंनी मान वर केली. "आभाळ आलं काय?"

त्यांनी साडी खिडकीजवळ ओढली. मग उठून दिवा लावला, दोन पिवळे धागे दिव्याखाली धरले आणि त्यांतला एक ओवला. चार टाके घातले. साडी उचलून दारापाशी नेली, बघितली आणि तेच चार टाके उसवले. मग सतरंजीच दारात आणली. दार गल्लीत उघडत होते. एक स्कूटर धूळ उडवत गेली, तशी त्यांनी घाईने साडीवर पदर धरला. सतरंजी पुन्हा आत आली. शिष्याला आता घड्याळाकडे बघवेना. त्याची नजर फिरून फिरून त्या सुईवर जात होती.

शेवटी सगुणाबाईंनी साडीची घडी घातली. "आज रंग जुळत नाही. दिव्याखाली दोन्ही पिवळे सारखेच दिसतात." त्या खिडकीशी गेल्या, ताडपत्रीकडे बघत राहिल्या आणि मग शिष्याकडे वळल्या. "भिंत अशीच येणार का हो?"

"हो," शिष्य म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

"शेठ म्हणाले होते, जराशी जागा जाईल. मला वाटलं, त्यांची जागा, जाऊ दे." त्यांनी सुई धाग्याच्या लडीत खोचली. "आता शब्द दिलाय. आणि काम तर त्यांच्याकडूनच येतं. पातळ नेसून घेते, उशीर नको व्हायला."

शिष्य बाहेर आला तो जवळजवळ पळतच. नगरपालिका जवळच होती, पण त्याला ती वाट संपेना. अर्ध्या वाटेवर तो मागून येणाऱ्या तात्यांसाठी थांबला.

"तुम्हाला माहीत होतं, सर. मग मला सरळ सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तू मान डोलावली असतीस," तात्या म्हणाले. "आपण अर्ज पालिकेच्या नावे लिहितो, म्हणून आपल्याला वाटतं सवलत पालिका देते. पालिकेकडे उजेड कुठला, बाबा? ती शिक्का मारते. देतं ते शेजारचं घर. कुणाच्या तरी घरात कधीतरी असाच अंधार झाला असेल, तेव्हा हा नियम जन्मला. आणि आपल्या धंद्याची खोड अशी, की आपली जागा आपण रेघ न् रेघ काढतो आणि शेजारची कोरी सोडून तिच्यावर नुसता नंबर टाकतो. कोऱ्या जागेला कसली आलीय हरकत!"

"म्हणजे सवलत मागायचीच नाही?"

"मागावी की. मीही पुष्कळ मागितल्या. पण देणाऱ्याला आपण काय देतोय ते दिसायला हवं आणि नाही म्हणायची मोकळीक हवी. सगुणाबाईंना दिसावं, एवढं ताडपत्रीनं केलं. मोकळीक काही बांबूला बांधून आणता येत नाही."

"मग मी आता काय करू?"

"ते मला विचारू नकोस," तात्या म्हणाले. "काम तुझं आहे."

सुनावणीची खोली माणसांनी भरली होती. शिष्याच्या डोळ्यांसमोर व्यापाऱ्याच्या भावाचा बंगला येई, मागोमाग ती उसवलेली चार टाक्यांची रेघ येई. नाव पुकारले गेले. अधिकाऱ्यांनी नकाशा पाहिला, जागेची रुंदी पाहिली, मान हलवली. अडचण त्यांना पटली होती. शेजारी बसलेल्या व्यापाऱ्याने शिष्याच्या गुडघ्यावर हलकेच थोपटले.

"शेजारी कोण आहेत? तुमची काही हरकत?"

सगुणाबाई उठल्या. त्यांनी एकदा व्यापाऱ्याकडे पाहिले. "नाही साहेब. शेठचं काम आहे. माझी काही..." पुढचा शब्द त्यांना लवकर सापडेना.

आणि शिष्य उभा राहिला.

"साहेब, हरकत माझी आहे."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितले. "तुम्ही अर्जदाराचेच वास्तुविशारद ना?"

"हो. भिंत मीच काढली आहे. ती जिथे येते, तिथे यांची कामाची खिडकी आहे. ही भिंत झाली, की यांचं काम बंद पडतं. मी यांना न विचारता भिंत काढली, ही माझी चूक. जिना आत घेता येतो, कोठार तेवढं लहान होईल. शेठची परवानगी असेल तर तसा नकाशा देतो."

व्यापाऱ्याचा हात गुडघ्यावरून केव्हाच निघाला होता. "मला आधी विचारायचं तरी होतं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "झालं. आता मी माझा दुसरा माणूस बघतो." आणि तो उठून बाहेर गेला.

पहिले काम गेले, बंगला गेला, बाजारपेठेत संध्याकाळपर्यंत बोभाटा होणार. शिष्य मटकन खाली बसला. मागे बसलेल्या तात्यांकडे वळून बघायचे त्याला धैर्य झाले नाही.

अधिकारी पुढच्या नावाकडे वळणार, एवढ्यात त्यांना दिसले, की सगुणाबाई अजून उभ्याच आहेत.

"बाई, तुमचं झालं ना?"

"नाही साहेब," सगुणाबाई म्हणाल्या. "हरकत माझीपण आहे. लिहून घ्या."

अधिकाऱ्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला आणि त्यांचे पूर्ण नाव विचारले.