पोशाच्या दोन बरण्या

फार जुनी गोष्ट आहे. खाडीकाठच्या एका गावात होड्यांवर तेव्हा नुकतीच इंजिनं बसू लागली होती. त्या गावात पोशा नावाचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, राहत असे. घरची सहा तोंडं त्याच्या एका होडीवर जेवत. माणूस कष्टाळू, पण 'का' विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

पावसाळा तोंडावर आला. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारायची वेळ झाली. इंजिनं दुरुस्त करणारी हिरामावशी नेहमीप्रमाणे घरोघर सांगत फिरली, "इंजिन जरा चालवून गरम करा, काळं तेल काढा, नवं भरा, मगच होडी झाका."

पोशाने तिला अडवलं. "मावशी, होडी आता दोन-अडीच महिने झोपणार. झोपलेल्याला ताजं जेवण कशाला? उठली की देऊ."

"काळ्या तेलात पाणी असतं, धुराचा आंबटपणा असतो. इंजिन उभं राहिलं की ते एका जागी बसून लोखंड खातं."

"हे तू पाहिलंयस?"

मावशीला राग आला नाही, उलट प्रश्न आवडला. तिने दोन बरण्या आणल्या. एकीत नवं तेल ओतलं, दुसरीत पोशाच्याच इंजिनातलं थोडं काळं. दोन्हींत एकेक चकचकीत खिळा टाकला.

"नारळी पुनव येईपर्यंत यांना हात लावू नकोस. आणि तेवढं इंजिनातलं तेल आजच बदल."

पोशाने मान डोलावली. घरी येऊन नव्या तेलाचा डबा माळ्यावर ठेवला. आधी उत्तर तर कळू दे, मग बदलू, असं त्याने ठरवलं.

बाहेर धो धो पाऊस आणि हा बरण्यांपुढे बसलेला. उजेडाकडे धरून बघे, बोटाने टिचकी मारे. काळ्या तेलात काही म्हणता काही दिसेना. बायको म्हणाली, "माझ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलं नाहीत."

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी त्याने साऱ्या गावासमोर खिळे बाहेर काढले. नव्या तेलातला जसाच्या तसा होता. काळ्यातला तांबूस झालेला, किडक्या दातासारखे खड्डे पडलेला. पोशाला कोण आनंद झाला. खिळा सगळ्यांना दाखवत तो म्हणाला, "बघा, मावशीचं अगदी खरं निघालं."

मावशी हसली नाही. तिने विचारलं, "पोशा, तुझं इंजिन यातल्या कोणत्या बरणीत आहे?"

पोशा खिळा तिथेच टाकून होडीकडे धावत सुटला. इंजिन दोनदा खडखडलं आणि गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी समुद्राला नारळ वाहून सगळ्या होड्या निघाल्या. पोशाची वाळूवरच राहिली. ते अख्खं वर्ष त्याने दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होऊन जाळी ओढली.

तात्पर्य : शंका जरूर विचारावी, पण उत्तर मिळेपर्यंत घ्यायची ती काळजी घेणं थांबवू नये.